या वयात जोडीदार कशाला?

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांच्या नावे केला. पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत आज शाल-श्रीफळ दिले जाईल, रक्तदाब तपासला जाईल, मुलांनी आईवडिलांना अंतर देऊ नये असे वक्ते सांगतील. हे सारे व्हावेच. पण सत्तरीतल्या एखाद्या बाईंनी उठून ‘मला जोडीदार हवा आहे’ असे म्हटले तर? आधी हशा पिकेल, मग कुजबुज सुरू होईल, आणि संध्याकाळपर्यंत मुलाला फोन गेलेला असेल.

वय वाढले की माणसाच्या गरजा आटतात, अशी आपली समजूत आहे. दोन वेळचे जेवण, औषधे, डोक्यावर छप्पर मिळाले की झाले. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये आलेला कायदाही अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार मोजतो. त्याहून अधिक कायदा मोजणार तरी कसे? कोथरूड-औंधमधल्या कितीतरी घरांत हे सगळे आहे. परदेशातून पैसे वेळेवर येतात, रविवारी व्हिडिओ कॉल होतो. उरलेल्या सहा दिवसांत दूधवाला आणि कामाच्या मावशी सोडल्या, तर चार शब्द बोलायला कोणी नसते. ‘आई, नातवंडांत मन रमव’ असे सांगणाऱ्या मुलाची मुले सातासमुद्रापार असतात.

याच शहरात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ काढले. लग्न न करता एकत्र राहणे, तेही साठीनंतर, आणि तेही पुण्यात! नाके मुरडली गेली. पण लग्नच का नाही, याची कारणे रोकडी आहेत. मुलांना वाटणीची धास्ती असते. पुन्हा लग्न केले की अनेक योजनांत विधवेचे कौटुंबिक निवृत्तिवेतन थांबते. हातची हक्काची रक्कम सोडून नव्या घरी परावलंबी होऊन जायला कोणती शहाणी बाई तयार होईल? विधुराविषयी निदान ‘त्यांचे कोण बघणार’ एवढी तरी हळहळ असते. विधवेच्या वाट्याला तीही येत नाही. तिने देवदेव करावा, एवढीच अपेक्षा.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांचे नाव आज पुण्यातल्या रस्त्याला आहे. तरुण विधवेच्या पुनर्विवाहाला आता हे शहर हरकत घेत नाही. पण तीच बाई पासष्टीची असली की ‘शोभतं का हे या वयात’ हा प्रश्न तसाच्या तसा पुढे येतो, आणि बहुधा तो शेजाऱ्यांकडून नव्हे, पोटच्या मुलांकडून येतो.

प्रत्येकाला जोडीदारच हवा असतो असे नाही. कुणाला कट्टा पुरतो, कुणाला हास्यक्लब, कुणाला स्वतःचे घर आणि शांतता. ते ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्यांना हवा आहे, त्यांनी तो लपूनछपून का शोधावा? मुलांनी वाटणीचे कागद आधीच नीट करून आई-बाबांना मोकळे करावे. ज्येष्ठ नागरिक संघांनी तपासणी शिबिराइतक्याच सहजपणे परिचय मेळावे भरवावेत. आणि पुनर्विवाहानंतरही विधवेचे निवृत्तिवेतन चालू राहील, असा नियम सगळ्याच योजनांत असावा.