धुराची माणसं आणि टीव्हीचं घड्याळ

स्वयंपाकाच्या स्पर्धा टीव्हीवर बघणं ही हल्ली घरोघरची करमणूक झाली आहे. शेवटची दहा सेकंदं उरतात, निवेदक उलटे आकडे मोजू लागतो, एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि सोफ्यावर बसलेले आपण उगीचच श्वास रोखून धरतो. यात वाईट काही नाही. पण एक जमात अशी आहे की तिला हे बघताना हसावं की रडावं ते कळत नाही. ती म्हणजे अमेरिकेतली बार्बेक्यूची वेडी माणसं. त्यांची तक्रार मला पटते, आणि ती नुसत्या मांसापुरती नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक खुलासा. बार्बेक्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निखाऱ्यावर फिरणारे कबाब येतात. तिकडचे जाणकार त्याला नुसतं भाजणं म्हणतात. त्यांचा बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात, मंद आचेवर, तासन् तास शिजवलेलं मांस. टेक्सासात ब्रिस्केटला, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाला मान, कॅरोलायनात डुकराला. मी गोमांस खात नाही, तेव्हा ब्रिस्केटच्या चवीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण मुलीकडे टेक्सासात राहिलो असताना शेजारचे गृहस्थ शुक्रवारी रात्री भट्टी पेटवत आणि शनिवारी दुपारपर्यंत तिच्याजवळ खुर्ची टाकून बसत, ते मी अनेकदा पाहिलं. या कार्यक्रमांबद्दलची कुरकुर प्रथम त्यांच्याकडूनच ऐकली.

या प्रकरणात एक गंमत आहे. भट्टीची आच साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअस. मांसाचं तापमान हळूहळू चढतं आणि 65-70 अंशांच्या आसपास येऊन अडून बसतं. दोन तास, तीन तास, कधी त्याहून जास्त, काटा हलतच नाही. कारण साधं आहे. मांसातून जी वाफ निघून जाते, ती आपल्यासोबत उष्णता घेऊन जाते. आपल्याला घाम आल्यावर गार वाटतं तसंच. नवखा इथे घाबरतो, लाकडं वाढवतो आणि सगळं बिघडवतो. काही जण मांस ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ही अडचण लवकर पार करतात; या युक्तीला थट्टेनं ‘टेक्सासची कुबडी’ म्हणतात. जाणता मात्र फारशी ढवळाढवळ करत नाही. याच संथ उष्णतेत मांसातले चिवट धागे हळूहळू विरघळतात. काटा पुढे 95 अंशांच्या घरात पोचतो, तेव्हा कुठे मांस लोण्यासारखं होतं. बारा-चौदा तास सहज जातात.

आता हे टीव्हीवर दाखवायचं कसं? ‘चॉप्ड’ हा फूड नेटवर्कवरचा 2009 साली सुरू झालेला कार्यक्रम घ्या. पहिल्या पदार्थाला वीस मिनिटं आणि पुढच्या दोहोंना तीस-तीस, शिवाय टोपलीतून निघणारे अनपेक्षित जिन्नस. वीस मिनिटांत आमच्या शेजाऱ्यांची लाकडंही नीट पेटत नसत! अशा ठिकाणी चपळ हात आणि तल्लख डोकं जिंकतं. तीही विद्या आहे, नाही असं नाही. पण वाट पाहण्याची विद्या तिथे परीक्षेलाच बसू शकत नाही.

‘बीबीक्यू पिटमास्टर्स’चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 2009 साली टीएलसी वाहिनीवर तो सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या खऱ्या स्पर्धांना जाणाऱ्या चमूंच्या मागे कॅमेरा फिरत असे. रात्रीची जागरणं, पाऊस, धूर, आपसातली टवाळी, सगळं त्यात होतं. पुढच्याच वर्षी त्याचा साचा बदलला आणि वाहिनीनं स्वतःचीच स्पर्धा भरवून समोर परीक्षक बसवले. पहिल्या वर्षी स्पर्धक म्हणून गाजलेले जॉर्जियाचे मायरन मिक्सन दुसऱ्या वर्षी परीक्षकाच्या खुर्चीत होते. माझ्या शेजाऱ्यांना पहिलं वर्ष प्रिय होतं. दुसऱ्यापासून, त्यांच्या मते, माणसांकडे बघणं संपलं आणि निकालाकडे बघणं सुरू झालं.

यावर कोणी म्हणेल, हे लोक स्वतः वर्षभर स्पर्धा खेळतात, मग टीव्हीवरच्या स्पर्धेला नावं का ठेवतात? प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्या स्पर्धेची रीत बघा. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी ही त्यातली मोठी संस्था. तिच्या नियमांनुसार मांस एकसारख्या डब्यांतून येतं. डब्यावर नाव नाही, फक्त क्रमांक, आणि परीक्षकांपर्यंत पोचण्याआधी तोही बदलतात. एका टेबलाभोवती सहा परीक्षक. दिसणं, चव आणि मऊपणा यांना ते वेगवेगळे गुण देतात, आणि गुण देताना एक अक्षर बोलत नाहीत. सहांपैकी सर्वांत कमी गुण बेरजेतून वगळतात, म्हणजे एखाद्याच्या लहरीनं कोणाचं नुकसान नको.

हे वाचून मी चकित झालो. आयुष्यभर मी बोर्डाचे पेपर तपासले. समोर आसनक्रमांक असे. मूल गरीब की श्रीमंत, रडकं की हसरं, काही माहीत नसे. तेच बरं होतं. टीव्हीवरच्या परीक्षकासमोर मात्र स्पर्धक उभा असतो, त्याच्या आजारी आईची गोष्ट दोन मिनिटांपूर्वीच दाखवलेली असते, आणि परीक्षक घास तोंडात ठेवून मुद्दाम थांबतो, कारण मध्ये जाहिरात लावायची असते. मेम्फिसच्या स्पर्धेत परीक्षक चमूच्या तंबूत येऊन प्रश्न विचारतात, अशी तोंडी परीक्षाही आहे. पण तिच्या जोडीला बिननावाच्या डब्यांची लेखी परीक्षा असतेच.

तरीही या धुराच्या माणसांनी फार ताठ होऊ नये. परीक्षक एका दिवसात कितीतरी डबे चाखतो, प्रत्येकातला घास दोन घास. त्या एका घासात छाप पडावी म्हणून चमू गोड, खारट, तिखट सगळं वाढवत नेतात. असा तुकडा ताटभर खाववत नाही आणि घरी आम्ही असं करत नाही, हे त्यांच्यातलेच प्रामाणिक लोक सांगतात. म्हणजे टीव्ही नसतानाही परीक्षेनं स्वयंपाक वाकवला होताच. ज्याला गुण मिळतात तेच माणूस शिकतो, हे वर्गात मी पुरेपूर पाहिलं आहे. निबंधाचे ठरावीक मुद्दे पाठ करून पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं पुढे साधं पत्र लिहिताना अडखळत. टीव्हीनं एवढंच केलं की या रोगाला रंगीत दिवे लावले.

मग टीव्हीला हे जमतच नाही का? जमतं. टेक्सासातल्या लेक्सिंग्टन नावाच्या लहानशा गावात ‘स्नोज’ नावाची खानावळ आहे. फक्त शनिवारी सकाळी उघडते. ‘टेक्सास मंथली’ मासिकानं 2008 साली तिला राज्यात पहिला क्रमांक दिला. तिथल्या भट्टीवर टूट्सी टोमानेट्झ या आजी. जन्म 1935चा. आठवडाभर शाळांच्या देखभालीची नोकरी आणि शनिवारी पहाटेपूर्वी भट्टी, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. 2020 साली नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’ मालिकेच्या बार्बेक्यूवरच्या भागांत त्या दिसल्या. तिथे उलटी मोजणी नाही की हरणं-जिंकणं नाही. अंधारात एक म्हातारी बाई फावड्यानं निखारे उचलते, मांसावर झाकण टाकते आणि थांबते. तरी नजर हलत नाही.

तेव्हा माझं मत असं. घड्याळाच्या स्पर्धा खुशाल बघाव्यात, त्या खेळ आहेत. मात्र नातवंडं शेजारी बसून बघत असतील तर त्यांना एवढं सांगावं, की हा स्वयंपाकाचा एक तुकडा आहे, सगळा स्वयंपाक नव्हे. नाहीतर काटा अडकला की मुलं आपण नापास झालो असं समजतील आणि लाकडं वाढवत बसतील. त्या वेळी नुसतं थांबायचं असतं, हे त्यांना कोणीतरी आधी दाखवलेलं असायला हवं.