चार्लीचा ठेका

१९६३ सालच्या मे महिन्यात लंडनमधल्या एका नवख्या बँडला अँड्र्यू लूग ओल्डहॅम नावाचा मॅनेजर मिळाला. वय अवघं एकोणीस. बँडमध्ये तेव्हा सहा जण होते आणि ओल्डहॅमच्या मते ते एकानं जास्त होते. सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि पियानो वाजवणारा इयन स्ट्यूअर्ट हा रुंद जबड्याचा, थोराड गडी तर फोटोत शोभणारच नाही, असा त्याचा हिशेब. ब्रायन जोन्सनं बँड काढण्यासाठी दिलेली जाहिरात वाचून सगळ्यांत आधी आला होता तो हाच स्ट्यूअर्ट. त्याला सांगण्यात आलं, यापुढे फोटोत तू नाहीस, बँडचा सभासद म्हणूनही नाहीस. रेकॉर्डिंगला पियानो वाजव, आणि दौऱ्यांची व्यवस्था बघ.

स्ट्यूअर्ट थांबला. व्हॅन चालवत राहिला, अ‍ॅम्प्लिफायर उचलत राहिला, पियानो वाजवत राहिला. १९८५ च्या डिसेंबरात हृदयविकारानं गेला तोवर, म्हणजे बावीस वर्षं.

हा बँड म्हणजे रोलिंग स्टोन्स. ते एवढी वर्षं कसे टिकले, याची उत्तरं बहुतेक वेळा मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स या दोघांभोवतीच फिरतात. डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर १९६१ साली झालेली त्यांची भेट, जॅगरच्या काखेतल्या चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी, पुढची भांडणं, पुढची दिलजमाई. हे सगळं खरंच आहे. त्या दोघांनी गाणी लिहिली नसती तर बँड लंडनच्या क्लबांपलीकडे गेलाच नसता. पण इतकी वर्षं स्टोन्स ऐकल्यावर माझं मत पक्कं होत गेलं आहे. गाणी त्या दोघांची, आयुष्य मात्र बँडला दिलं ते मागच्यांनी. आणि त्या मागच्यांत सगळ्यांत मोठा माणूस चार्ली वॉट्स.

चार्ली १९६३ च्या जानेवारीत बँडमध्ये आला, आणि तोही चटकन नाही. अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज बँडमध्ये तो ड्रम्स वाजवत असे आणि दिवसा जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनरची नोकरी करी. स्टोन्सना तो हवा होता, पण त्याला द्यायला पुरेसे पैसे नव्हते. लॉरी ड्रायव्हरचा हा मुलगा. महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये तात्पुरत्या बांधलेल्या घरांच्या वस्तीत वाढला. तिथेच शेजारी डेव्ह ग्रीन नावाचा मुलगा राहायचा. दोघं मिळून जाझच्या रेकॉर्डी ऐकत. ग्रीन पुढे नावाजलेला जाझ बास वादक झाला आणि ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. चार्लीनं लहानपणी एक बँजो घेतला होता. तो बोटांना जमेना, म्हणून त्याची मान काढून टाकली आणि उरलेल्या गोल भागाचा ड्रम केला. चिको हॅमिल्टन या जाझ ड्रमरला ब्रशनं वाजवताना ऐकलं होतं, तसं वाजवायचं होतं त्याला.

रॉक अँड रोलच्या सगळ्यांत बदनाम बँडचा ड्रमर मनानं जाझचा होता, हे नीट लक्षात घेतल्याशिवाय स्टोन्सचं संगीत कळत नाही. काड्या धरण्याची त्याची पद्धतसुद्धा जुन्या जाझवाल्यांची. डाव्या हाताची काडी तो तळहात वर करून, बोटांच्या मधून धरी. समोर चार ड्रम आणि थोड्या झांजा. सत्तरच्या दशकात रॉकचे ड्रमर डझनभर ड्रमांच्या तटबंदीत बसून वीस-वीस मिनिटं एकटेच वाजवत होते. चार्लीला एकट्यानं वाजवण्यात रसच नव्हता. आयुष्याची शेवटची काही दशकं तो १९५७ सालच्या जुन्या ग्रेच ड्रम्सवर वाजवत राहिला.

आता जरा कानानं ऐकायची गोष्ट. साध्या रॉकमध्ये ड्रमरचा उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, अखंड चालू असतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रमवर पडतो. त्या क्षणी दोन्ही आवाज एकत्र येतात. चार्ली बऱ्याचदा नेमका तेव्हा उजवा हात उचलून घेई. स्नेअरचा फटका एकटाच पडे, भोवती मोकळी जागा ठेवून. बघताना हात अडखळल्यासारखा वाटतो. ऐकताना त्या फटक्याला श्वास मिळतो. आपल्याकडे गवई विलंबित ख्याल मांडत असताना जो तबलजी तासभर साधा ठेका धरून बसतो आणि हाताला मोह होऊ देत नाही, त्याची तयारी ज्यांना कळते त्यांना चार्ली समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या गिटारकडे कान लावून बसे. कीथचा हात पडला की त्याच्या केसभर मागून चार्ली येणार. बिल वायमनच्या बासची जागा पुन्हा वेगळी. म्हणून ते संगीत डुलतं. आत्ता कोसळेल असं वाटतं आणि कोसळत नाही. हे रियाजानं एकट्याला साधत नाही. त्यासाठी दोन माणसांनी अनेक वर्षं एकमेकांचे हात ओळखावे लागतात. जॅगरचे आणि कीथचे संबंध कितीही ताणले गेले तरी कीथ आणि चार्ली यांच्यातलं हे नातं सुटलं नाही, आणि बँड त्याच्यावर उभा होता.

चार्लीचा मोठेपणा मला सगळ्यांत जास्त कुठे दिसतो, तर त्यानं न वाजवलेल्या एका गाण्यात. १९६९ च्या 'लेट इट ब्लीड' या अल्बमवर 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' हे गाणं आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचा ठेका चार्लीला मनासारखा सापडेना. निर्माता जिमी मिलर स्वतः ड्रम्स वाजवायचा. त्यानं वाजवून दाखवलं, आणि शेवटी रेकॉर्डवर मिलरच वाजला. बँडच्या गाजलेल्या गाण्यांपैकी एकावर आपले हात नाहीत, ही गोष्ट चार्लीनं कधी लपवली नाही. उलट मिलरमुळे आपण ड्रमर म्हणून सुधारलो, असं तो मोकळेपणानं सांगत असे. स्टेजवर ते गाणं वाजवायची वेळ आली तेव्हा मिलरनं दाखवलेला ठेका त्यानं आपलासा केला. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एकात बसलेल्या माणसाला हे जमणं किती अवघड असेल! त्याच वर्षीच्या 'हाँकी टाँक विमेन'ची सुरुवात ऐका. आधी काउबेलची टकटक येते, ती मिलरची. मग चार्ली आत येतो. दोन माणसांनी मिळून धरलेली ती लय आजही कुठेही लागली तरी पाय हलवते.

मागे बसणारा म्हणजे हुकमाचा ताबेदार, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. कीथनं आत्मचरित्रात १९८४ सालची अ‍ॅमस्टरडॅमची हकीकत सांगितली आहे. पहाटे दारूच्या अंमलात जॅगरनं चार्लीच्या खोलीत फोन लावला आणि माझा ड्रमर कुठे आहे म्हणून विचारलं. काही वेळानं चार्ली आला. दाढी केलेली, सूट घातलेला, टाय बांधलेला, बूट चकचकीत. त्यानं जॅगरला एक ठोसा लगावला आणि पुन्हा मला तुझा ड्रमर म्हणायचं नाही, असं बजावलं. मला या गोष्टीत ठोशापेक्षा सूट महत्त्वाचा वाटतो. अपमानाचा जाब विचारायला जातानाही त्यानं स्वतःची रीत सोडली नाही.

ती रीत त्याच्या जगण्यात सगळीकडे होती. १९६४ साली शर्लीशी लग्न केलं आणि मरेपर्यंत तिच्याबरोबर राहिला. डेव्हनला दोघांनी अरबी घोडे पाळले. जुन्या मोटारी जमवल्या, पण गाडी चालवायला तो कधी शिकला नाही. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात उतरे तिथल्या पलंगाचं चित्र काढून ठेवी. वर्षानुवर्षं, वहीमागून वही. सगळीकडे दंगा चाललेला असताना हा माणूस खोलीत बसून पलंग काढतोय! ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मात्र त्याचाही तोल गेला. दारू आणि हेरॉइन या दोन्हींत तो अडकला, चाळिशी ओलांडल्यावर. त्यातून स्वतःच बाहेर आला. त्याच काळात त्यानं लंडनच्या जाझ वादकांना गोळा करून एक प्रचंड ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याचा फुलहॅम टाउन हॉलमधला अल्बम १९८६ चा आहे. स्टोन्समधून मिळालेला पैसा आपल्या पहिल्या प्रेमावर उधळणारा कलावंत मला फार जवळचा वाटतो.

१९८६ हे स्टोन्सचं सगळ्यांत वाईट वर्ष. जॅगर आणि कीथ एकमेकांशी धड बोलत नव्हते. 'डर्टी वर्क' नावाचा अल्बम आला, पण त्याच्यासाठी दौरा निघाला नाही. १९८२ ते १९८९ या काळात त्यांनी एकही दौरा केला नाही. बँड मोडला, असंच सगळे धरून चालले होते. त्या मधल्या वर्षांत ते एकदाच प्रेक्षकांसमोर एकत्र वाजले, १९८६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये, इयन स्ट्यूअर्टच्या स्मरणार्थ. ज्याला फोटोतून काढलं होतं, त्याच्यासाठी. 'डर्टी वर्क'च्या अगदी शेवटी त्याच्या पियानोचा अर्ध्या मिनिटाचा तुकडाही आहे. १९८९ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा सभासदांच्या यादीत त्याचं नाव होतं.

स्ट्यूअर्ट पियानोच्या बुगी-वुगी शैलीचा भक्त होता आणि मायनर कॉर्ड त्याला मानवत नसत. 'वाइल्ड हॉर्सेस'चं रेकॉर्डिंग अलाबामातल्या मसल शोल्सला चाललं होतं. मायनर कॉर्ड असलेल्या त्या गाण्यात त्यानं वाजवलं नाही, आणि पियानोवर जिम डिकिन्सन बसला. सभासद म्हणून कागदावर नसलेला माणूस एवढं मत राखून होता आणि बाकीच्यांनी ते मानलं! या बँडबद्दल मला आदर वाटतो त्याचं हे एक कारण.

७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजले. चर्चगेटचा तो उकाडा, काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून विकत घेतलेल्या कॅसेट झिजवलेली आमची सगळी पिढी, आणि साठीकडे झुकलेला जॅगर स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतोय. मी मात्र बराच वेळ मागे बघत होतो. चार्लीची पाठ ताठ, चेहरा शांत, मान जराशी वळलेली, कीथच्या दिशेनं. दिव्यांचा झोत त्याच्यावर आला की अवघडल्यासारखा हसायचा. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याला घशाचा कर्करोग झाला. उपचार घेऊन तो परत आला आणि २००६ साली रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर दहा लाखांहून जास्त लोकांसमोर वाजवला.

एप्रिल २०२० मध्ये, सारं जग घरात कोंडलेलं असताना, बँडमधल्या चौघांनी आपापल्या घरून एक गाणं सादर केलं. चार्लीच्या पुढ्यात ड्रम्स नव्हतेच. वाद्यांच्या पेट्या आणि सोफ्याचा हात यांच्यावर तो काड्या चालवत होता, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद घेऊन. त्या दिवसांत किती जणांना तो बघून बरं वाटलं असेल. २४ ऑगस्ट २०२१ ला तो लंडनमध्ये गेला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. महिन्याभरानं सेंट लुइसला दौरा सुरू झाला तेव्हा आधी रिकाम्या स्टेजवर नुसता ड्रम्सचा आवाज आला आणि पडद्यावर त्याची छायाचित्रं. त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन कीथबरोबर आधी अनेक वर्षं वाजवलेला. ती निवड चार्लीलाही मान्य होती. आपल्यामागे बँड थांबू नये, एवढा विचार त्यानं करून ठेवला होता.

चार्ली गेल्यावर स्टोन्स हे नाव लावण्यात अर्थ नाही, असं काही मित्र कळवळून म्हणतात. त्यांचं दुःख मला समजतं. तरी मला ते पटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' आला, तब्बल अठरा वर्षांनी आलेला नव्या गाण्यांचा अल्बम. जॅगर आणि कीथ दोघंही ऐंशीच्या उंबऱ्यावर होते. बहुतेक गाण्यांवर जॉर्डन आहे. त्याचा हात जास्त जोरकस, जास्त नेमका. गाणी त्यामुळे सरळ पुढे धावतात. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड' या दोन गाण्यांवर मात्र चार्ली आहे, आधी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून. दुसऱ्या गाण्यात तर १९९३ साली बँड सोडलेला बिल वायमनही बास घेऊन परत आला आहे, आणि पियानोवर एल्टन जॉन.

ज्यांनी स्टोन्स कधी ऐकले नाहीत त्यांना मी हा अल्बम उलटा ऐकायला सांगतो. आधी शेवटचं गाणं लावा. ज्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून बँडला नाव मिळालं ते गाणं, फक्त जॅगर आणि कीथ, ड्रम्सशिवाय. मग 'लिव्ह बाय द सोर्ड' लावा आणि जॅगरच्या आवाजाकडे थोडं दुर्लक्ष करून स्नेअर पकडा. दुसरी आणि चौथी मात्रा. उजवा हात उचललेला कानांना कळतो.