भांडणारे गरीब, नफा कुणाचा?

उत्तर केनियातील तुर्काना आणि पोकोट हे पशुपालक समाज एकमेकांची गुरे पळवतात, माणसे मारतात. ‘टोळीयुद्ध’ म्हणून जग मोकळे होते. पण ही वेळ आणली कुणी?

पूर्वी हातात भाले असत. १९७९ मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळली, युगांडातील मोरोतोचे शस्त्रागार लुटले गेले आणि बंदुका पसरल्या. आता पळवलेली गुरे ट्रकमधून शहरी बाजारातही विकली जातात. व्यापारी कमावतो, कळप गमावलेल्या घराचे मात्र दूध जाते, मुलांची फी जाते. भीतीने बाजार बंद, कुरणे ओस. उरते मदतीच्या धान्याची रांग.

केनिया सरकारने १९६५ च्या धोरणपत्रात विकासाचा पैसा चांगली जमीन आणि पाऊस असलेल्या भागांकडे वळवला. कोरडी उत्तर मागेच राहिली.

तिथे जातिव्यवस्था नाही. पण खालचे आपसात विभागले की वरच्यांना कुणी जाब विचारत नाही, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या मांडणीत दाखवलेच आहे. आपल्याकडे आरक्षणावरून धनगर आणि आदिवासी समोरासमोर उभे केले जातात, तेव्हा आपणही विचारले पाहिजे: चराईची जमीन, जंगल आणि बजेट आहे कुणाच्या ताब्यात?

जय भीम!