मौन म्हणजे खुशाली नव्हे

नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर पहाटे धावायला जाणारे काही जण शर्टाच्या आत छातीला एक पट्टा बांधतात. तो हृदयाचे ठोके मोजतो आणि ब्लूटूथच्या बिनतारी लहरींनी आकडा मोबाइलकडे पाठवतो. मोबाइलमधील प्रोग्रॅम तो पडद्यावर दाखवतो. काम सोपे वाटते ना? पण त्यात एक फसगत दडलेली आहे.

पट्टा आपण होऊन आकडे पाठवीत नाही. जोडणी झाली, की प्रोग्रॅमने पट्ट्याच्या स्मृतीत एका ठरावीक जागी १ हा अंक लिहायचा. त्याचा अर्थ, ‘नवा आकडा मिळाला की मला कळव.’ मग साधारणपणे दर सेकंदाला एक सूचना येऊ लागते. ० लिहिला की सूचना बंद. ‘काही नवे आहे का?’ असे पुन:पुन्हा विचारावे लागत नाही. त्यामुळे बॅटरी वाचते.

पण सूचना येईनाशी झाली तर? ब्लूटूथच्या लहरींची वारंवारता २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असते. वाय-फायची गर्दीही तेथेच. शिवाय आपल्या शरीरातील पाणी या लहरी शोषते. म्हणून संपर्क तुटणे नित्याचेच. तो तुटल्याचे प्रोग्रॅमला लगेच कळतही नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहिली जाते आणि ही मुदत ३२ सेकंदांपर्यंत असू शकते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर तेवढ्यात ३८ ठोके पडून जातात. पडद्यावर मात्र जुनाच आकडा!

समजा, नेरूळ स्थानकावरचा इंडिकेटर कोरा आहे. तुम्ही कोणाला तरी विचाराल. पण त्यावर निघून गेलेल्या गाडीचीच वेळ राहिली, तर तुम्ही निर्धास्त उभे राहाल. कोरा फलक परवडला, शिळा नको! घरी आजारी आजोबांच्या ठोक्यांवर कोणी असेच लक्ष ठेवीत असेल, तर शिळा आकडा केवढा घात करील!

कोऱ्या पडद्याने माणूस उगीच घाबरतो, असे काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. आकडा किती सेकंदांपूर्वीचा आहे, हे प्रोग्रॅमने शेजारीच दाखवावे. काही सेकंद सूचना आली नाही, तर आकडा पुसून ‘संपर्क नाही’ असे स्पष्ट लिहावे. पुन्हा जोडणी होताच तो १ पुन्हा लिहावा, कारण पक्की ओळख नोंदवलेली नसेल तर पट्टा जुनी विनंती विसरतो. पट्टा त्वचेला टेकला आहे की नाही, याची खूणही पुष्कळ पट्टे सूचनेच्या पहिल्याच बाइटमध्ये पाठवतात. तीही वाचावी.

‘ठाऊक नाही’ असे म्हणण्यात विज्ञानात कमीपणा नाही. मग प्रोग्रॅमला तरी तो का वाटावा? तुमच्या ओळखीत कोणाकडे असा पट्टा असेल, तर तो बांधलेला असताना मोबाइल दूरच्या खोलीत नेऊन पाहा. आकडा किती वेळ तसाच राहतो, ते घड्याळ लावून मोजा.