सर्वात लहान आकडा

एप्रिलमध्ये बाबांच्या मानेवर केसतोड झालं. बडोद्याचा उकाडा, घामोळं, त्यातलंच काहीतरी म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. औषधांच्या डब्यात माझ्या जुन्या आजारपणातल्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या उरल्या होत्या. त्या मीच त्यांना दिल्या. चौथ्या दिवशी ताप भरला, मान वळेना. बाबांना मधुमेह आहे. धावतच सर्जनकडे नेलं.

त्यांनी आधी गळू फोडून पू काढला. "खरा इलाज हाच. पू कोंडलेला असला की गोळी आतपर्यंत धड पोचत नाही." थोडा पू कल्चरला पाठवताना विचारलं, "आधी काही दिलं होतंस?" मी मान खाली घातली. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर नमुना घेतला, तर जंतू असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत, असं होऊ शकतं. आमचं नशीब, वाढले.

रिपोर्टला तीन दिवस लागले. आधी जंतू वाढवायचा, मग एकेका औषधापुढे त्याची परीक्षा घ्यायची. तोवर बाबांचा ताप आणि साखर पाहून डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केलं होतं.

जंतू निघाला स्टॅफिलोकोकस ऑरियस. पुढे औषधांची यादी. 'एस' म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता चांगली, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. ॲझिथ्रोमायसिनच्या गटापुढे आर. सेफॉक्सिटिनपुढेही आर, म्हणजे हा एमआरएसए. पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी नेहमीची औषधं त्यामुळे बाद. या घराण्यातलं मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच त्याला न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडमध्ये सापडला होता.

औषधांपुढे आकडेही होते. जंतूची वाढ थांबवायला किमान किती औषध लागतं, ते सांगणारे. दिवसभर लॉग वाचणारी मी, लगेच म्हटलं, "डॉक्टर, रिफॅम्पिसिनचा आकडा सर्वात लहान आहे. तेच द्या ना!"

ते हसले. "अगं, प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघायचा नसतो. आणि रिफॅम्पिसिन एकटं दिलं, तर स्टॅफ बघता बघता त्याला सरावतो. शिवाय ते क्षयाचं मोलाचं औषध. ते असं उधळायचं नाही." मग बाबांची किडनी, इतर गोळ्या, जखम हे सगळं पाहून त्यांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. आठवड्याभरात मान वळायला लागली.

रिपोर्ट काय चालणार नाही ते ठामपणे सांगतो. जे चालेल त्यातून निवड करायला मात्र माणूस वाचता यावा लागतो, नुसता तक्ता वाचून भागत नाही.

तुमच्या घरी गळू चिघळलं, ताप आला किंवा पुन्हा पुन्हा होत असेल, तर पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "पू तपासायला पाठवायचा का?" आणि हो, औषधांचा डबा एकदा उघडून बघा. आमच्या डब्यात आता उरलेली अँटिबायोटिक्स नाहीत.