दाभोशाच्या मुलांची मुंबई

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रीघ दाभोशाच्या धबधब्याकडे लागते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांतला माणूस मात्र उलट वाटेने निघतो तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर. शहर बघायला म्हणून तो जातच नाही. म्हणून इथल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेतल्या आणि आश्रमशाळेतल्या मुलाला आठवी संपायच्या आत एकदा तरी मुंबईचा जुना कोट (फोर्ट) भाग दाखवायलाच हवा. त्याऐवजी वॉटर पार्कची सहल नको. पाण्यात डुंबायला या मुलांना कुठेही जायची गरज नाही. कोट भागातली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत 1888ची, 2004पासून जागतिक वारसा यादीतली. तिच्या दगडांत पानं, वेली, मोर, माकडं कोरलेली आहेत, फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसवलेत. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने मोर आणि झाडं रेखणाऱ्या घरातलं मूल त्या भिंतीपुढे उभं राहिलं, तर त्याला ओळखीचं बरंच सापडेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, तिथे आधी पाणी द्या, सहली कसल्या काढता? पण नेमका हाच धागा मुलांना मुंबईशी जोडतो. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण 2014 साली पुरं झालं आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. त्या शहरावर इथल्या मुलांचा हक्क आहे, आणि पाण्याची मागणी करतानाही तो हक्क कळलेला बरा. दुसरा आक्षेप असा, की आधी आपला वारसा दाखवा. जरूर दाखवा! जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, तिथलाच शिरपामाळ, बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे, तारपा हे वाद्य, हे सगळं सहलीच्या आधी वर्गात यायला हवं. आपलं काय ते ठाऊक असलेलं मूल दुसऱ्याचं बघताना दबून जात नाही. खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न खरा आहे. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही, जाऊन-येऊन एका दिवसात मुलं थकून जातात. म्हणून एक रात्र मुक्काम हवा, एसटी हवी आणि आदिवासी विकास विभागाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद हवी. पालकांकडून वर्गणी मागितली, की ज्या मुलाचे आईबाप भट्टीवर आहेत तेच नेमकं मागे राहतं.