चार बोटं वर

‘आईशप्पथ, पाच मिनिटांत पोचतो!’ असं टाइप करताना आपण बहुतेक वेळा अजून घरातच चपला शोधत असतो. आपल्यासाठी शपथ म्हणजे वाक्याला दिलेली फोडणी. महाभारतात हे इतकं स्वस्त नाही.

वनपर्वातलं दमयंतीचं स्वयंवर आठवा. मंडपात एक नाही, पाच नल बसलेत. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नलाचंच रूप घेतलंय. दमयंतीकडे ना शस्त्र, ना वरदान. ती हात जोडून एवढंच सांगते, की हंसाचं बोलणं ऐकल्यापासून मी नलालाच वरलं आहे, मनाने किंवा वाणीने कधी ढळले नाही. या सत्याच्या बळावर देवांनी मला नल दाखवावा. आणि देवांना आपली खरी चिन्हं दाखवावी लागतात. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नलाची मात्र सावली पडलीय, माळ कोमेजलीय, अंगावर धूळ आहे. (हा तपशील मला फार आवडतो. नवरा ओळखायची खूण काय, तर घाम!)

याला ‘सत्यक्रिया’ म्हणतात. इथे ताकद उच्चारात नाही, त्याआधी जगलेल्या दिवसांत आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर नुसता पासवर्ड चालत नाही, मागचा सगळा लॉग तपासला जातो.

युधिष्ठिराचा लॉग स्वच्छ होता, म्हणून त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थाम्याबद्दल तो अर्धवट खोटं बोलला आणि रथ खाली टेकला.

पण ते खोटं बोलायचा सल्ला कृष्णाचा! आणि युद्धानंतर उत्तरेचं बाळ मृत जन्मतं, तेव्हा तोच कृष्ण म्हणतो, की मी थट्टेतही कधी खोटं बोललो नाही, या सत्याने हे बाळ जगो. हे कसं जुळवायचं? धर्मासाठी बोललेलं खोटं हे खोटं नव्हे, असं उत्तर मिळतं. मला ते पूर्ण पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर जरूर कळवा.

त्याच सत्यक्रियेतलं दुसरं एक वाक्य मला जास्त भिडतं. अर्जुनाशी माझा कधीही विरोध झाला नाही, असं कृष्ण सांगतो. सुदर्शनाचं तो नावही काढत नाही. मैत्री पणाला लावतो. आणि त्या मित्राचा नातू हळूहळू हालचाल करू लागतो.